मंगळवारचा फोन

शनिवारी सकाळी दहाला, शहाणी माणसं दुसरा चहा घेत पेपर चाळत असतात त्या वेळी, द्वारका गावंडे खराडीच्या ऑफिसात आठव्या मजल्यावर पहिल्या रांगेत वही उघडून बसली होती. वाघोलीहून यायला तिला पाऊण तास लागला होता आणि त्यातला अर्धा तास बस एकाच चौकात उभी होती. वर्गात एकवीस जण होते. वीस जणांपुढे लॅपटॉप होते, वही तेवढी तिच्यापुढे.

वय वर्षं एकोणपन्नास, आणि त्यातली एकोणीस याच कामात गेलेली. तरी हे काम तिला येतं की नाही याची आता परीक्षा होती, आणि तीही दुसऱ्यांदा. डिसेंबरात ती एकदा नापास झाली होती. ऑफिसात कुणी तो विषय तिच्यापुढे काढत नसे. पण विषय न काढण्याचीसुद्धा एक तऱ्हा असते. ती लिफ्टमध्ये शिरली की चाललेलं बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उन्हाळ्याबद्दल बोलू लागायचं. जानेवारीत!

झालं होतं असं की, ज्या विमा कंपनीचं काम ही मंडळी करत होती, तिने नव्या करारात एक कलम घातलं होतं. अ‍ॅजाइल पद्धतीच्या प्रोजेक्टवर जे बिझनेस अ‍ॅनालिस्ट असतील, ते सगळे प्रमाणपत्रवाले हवेत. एकतीस मार्चपर्यंत प्रमाणपत्र आलं तर द्वारकाचं नाव यादीत राहणार, नाहीतर ती बेंचवर जाणार. बेंच म्हणजे काम नसलेल्यांची रांग. पंचविशीतली पोरं बेंचवर बसतात, चार नव्या गोष्टी शिकतात आणि उठतात. एकोणपन्नाशीची बाई बसली, की दोन महिन्यांनी एचआरची मुलगी तिला गोड आवाजात कॉफीला बोलावते. त्या कॉफीहून कामावर परत आलेलं माणूस द्वारकाने अजून पाहिलेलं नव्हतं.

बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे काय, हे तिच्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पुलगावच्या घरी एकदा द्वारकाने समजावून पाहिलं होतं. कचेरीत काम करणाऱ्यांना काय पाहिजे ते विचारायचं आणि संगणकवाल्यांना समजेल असं लिहून द्यायचं. आई म्हणाली, "म्हणजे सोयरीक जुळवतेस म्हण की." द्वारका हसली होती. पण पुढे अनेकदा तिला वाटलं, की पदव्या घेतलेल्या साहेबांनी केलेल्या व्याख्यांपेक्षा आईचीच व्याख्या बरी होती. दोन्हीकडच्यांचं ऐकायचं, दोन्हीकडच्यांचं मन राखायचं, आणि लग्नाच्या फोटोत कुठंच दिसायचं नाही.

ती मुळात या क्षेत्रातली नव्हेच. बी.कॉम. होऊन नागपुरात विम्याच्या एका कचेरीत क्लेमच्या टेबलावर कारकून होती. लग्नानंतर पुण्याला आली, कारण श्रीधर, तिचा नवरा, रांजणगावच्या कारखान्यात लागला होता. इथं एका सॉफ्टवेअर कंपनीला क्लेमचं काम आतून माहीत असलेलं माणूस हवं होतं. तेव्हापासून ती दोन टेबलांच्या मधली झाली. आधी तीनतीनशे पानांचे दस्तऐवज लिहायची. मग अ‍ॅजाइल आलं, आणि तीनशे पानांच्या जागी चार ओळींची कार्डं आली. काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत होऊ लागलं, सकाळची मीटिंग उभ्याने होऊ लागली. द्वारकाचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. चार ओळी लिहायच्या असोत की तीनशे पानं, विचारावं तर लागतंच.

आणि विचारण्याची तिची एक रीत होती, जिच्याबद्दल ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. दर मंगळवारी दुपारी चारला ती नागपूरला फोन लावायची. विमा कंपनीच्या क्लेमच्या टेबलावर चैताली मेश्राम बसायची. द्वारका कधीकाळी जिथं बसायची, तशाच टेबलावर. अकरा वर्षांत दोघी दोनदाच प्रत्यक्ष भेटल्या होत्या. पण मंगळवार चुकला नव्हता.

"बोल चैताली, घोडं कुठं पेंड खातंय?" द्वारका विचारायची.

"इथंच खाऊन राहिलं ना ताई, माझ्या टेबलावर," असं म्हणून चैताली सुरू व्हायची.

एकदा नव्या फॉर्ममध्ये रुग्णाचं नाव सक्तीचं केलं होतं. बरोबरच आहे, नावाशिवाय क्लेम कसला? पण त्या मंगळवारी चैताली वैतागून म्हणाली, "ताई, काचेच्या पेटीत ठेवलेलं दोन दिवसांचं लेकरू. बारसं व्हायच्या आधी नाव कुठून आणू मी?" द्वारकाने दुसऱ्या दिवशी कार्डात एक ओळ घातली: नवजात असल्यास आईच्या नावाने चालेल. मीटिंगमध्ये दिग्विजय, प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय करायचं आणि कशाच्या आधी करायचं हे ठरवणारा माणूस, खूश होऊन म्हणाला होता, "द्वारका मॅमना हे सुचतं कसं?" द्वारका नुसती हसली होती. चैतालीचं नाव तिने घेतलं नाही. का घेतलं नाही, तर खरं सांगायचं म्हणजे ते कौतुक तिला आवडलं होतं. एवढ्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेलं ते बऱ्यापैकी मोठं कौतुक होतं, आणि त्यात वाटेकरी नको वाटला. पुढे मग सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

तर वर्ग. शिकवणारा शुभंकर एकतीस वर्षांचा होता, नारायण पेठेतला. तो कुणावर चिडत नसे. चिडण्याऐवजी नम्रपणे बोलत असे, आणि ते चिडण्यापेक्षा महागात पडे. दुसऱ्या शनिवारी त्याने पडद्यावर एक प्रश्न टाकला. एक अ‍ॅनालिस्ट प्रॉडक्ट ओनरला न सांगता, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाशी परस्पर बोलून गरजा ठरवतो. याबाबत काय म्हणाल? खाली चार पर्याय.

हा प्रश्न द्वारकाच्या ओळखीचा होता. डिसेंबरात याच प्रश्नाने तिचा घात केला होता. तिने तेव्हाही बी लिहिलं होतं आणि आताही तिच्या तोंडून बी निघालं. अशा संबंधांना उत्तेजन द्यावं.

"डी," शुभंकर म्हणाला. "ही घातक सवय आहे, सर्व संवाद प्रॉडक्ट ओनरच्या माहितीने व्हावा. मराठीत सांगायचं तर परसदारातून ये-जा करू नये. मॅडम, आपला अनुभव किती वर्षांचा म्हणालात?"

"एकोणीस."

"मग तोच नडतोय. परीक्षेला येताना अनुभव खाली पार्किंगमध्ये लावून यायचा. जागा आहे. फक्त नोटीस वाचून लावा."

वर्ग हसला. द्वारकाही हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. पण वर्ग सुटल्यावर शुभंकर तिच्याजवळ थांबला, आणि या वेळी आवाजात ती धार नव्हती. "मॅडम, तुम्ही खरं घडतं ते उत्तर देता. पेपर काढणाऱ्याला घडायला हवं ते पाहिजे. तुम्हाला काम येत नाही असं नाहीये. हात चुकीच्या खुणेवर जातोय तुमचा. सवय मोडा." असं म्हणून त्याने तिला सराव प्रश्नांचा एक जाडजूड गठ्ठा दिला.

सवय मोडायला श्रीधर मदतीला आला. संध्याकाळी पहिल्या पाळीहून आला, की जेवणाच्या टेबलावर तो चष्मा नाकावर ओढून प्रश्न वाचायचा. त्याचं इंग्रजी आयटीआयपुरतं, त्यामुळे दर प्रश्नाला दोनदा ठेचकाळायचा. एके दिवशी द्वारका कंटाळून म्हणाली, "अहो, तुम्हीच सोडवा." त्याने वीस प्रश्न सोडवले. सतरा बरोबर आले. त्याच वीसमध्ये द्वारकाचे अकरा आले होते.

तिने गठ्ठा ओढून उत्तरं पुन्हा ताडून पाहिली. "तुम्हाला कसं आलं हे?"

"त्यात काय? ज्यात सगळ्यांना बसवून बोलायचं लिहिलं आहे ते बरोबर. ज्यात कोणी एकट्यानं जाऊन काम करून टाकलं ते चूक."

"पण करून टाकल्याशिवाय काम होतं का कधी?"

"परीक्षेत थोडीच काम करायचं असते," श्रीधर म्हणाला आणि पोळी घ्यायला उठला.

त्या दिवशी द्वारकाला हसूही आलं आणि रडूही. रात्रंदिवस लोकांचं ऐकण्यात जन्म गेला, आणि यंत्राला तेल घालणारा नवरा तिच्याहून चांगला अ‍ॅनालिस्ट ठरला. ती दमली होती. शरीराचं दमणं वेगळं, ते झोपलं की जातं. हे दमणं म्हणजे येत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा येते म्हणून दाखवायचं दमणं होतं. यादी बदलते, कलमं बदलतात, दर चार वर्षांनी कामाला नवं नाव मिळतं, आणि प्रत्येक वेळी आपण पुन्हा दारात उभ्या, हातात कागद घेऊन. आत घ्या हो.

मग तिने एक गोष्ट ठरवली. बाहेरच्या माणसाला ती वेडगळ वाटेल. पण परीक्षेसाठी हाताला वळण लावणाऱ्याला कळेल. पेपरात डी लिहायचं आणि मंगळवारी चार वाजता बी करायचं, असं चालणार नव्हतं. मन ऐन वेळी सवयीच्याच बाजूला जाणार. तेव्हा परीक्षा होईपर्यंत नागपूरचा फोन बंद. उपासाच्या दिवशी घरात भजी तळू नयेत, तसं. काही प्रश्न पडलाच तर तो कार्डावर लिहायचा आणि दिग्विजयकडे पाठवायचा. पुस्तकात सांगितलंय तसं.

पहिल्या मंगळवारी सव्वाचारला चैतालीचाच फोन आला. द्वारकाने मोबाइल पालथा घातला आणि मेसेज टाकला: "परीक्षा आहे गं. झाल्यावर बोलू." चैतालीने हात जोडलेलं चित्र आणि "ऑल द बेस्ट ताई" पाठवलं. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मंगळवारच्या त्या तासाला द्वारका सराव परीक्षा सोडवू लागली. अकराचे चौदा झाले, चौदाचे सोळा. हात वळत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टीमपुढे नवं काम आलं. एकच क्लेम दोनदा येतो अशी विमा कंपनीची तक्रार होती. हॉस्पिटलवाले चुकून किंवा मुद्दाम तेच बिल दुसऱ्यांदा पाठवतात. प्रवासात असलेल्या दिग्विजयने व्हिडिओ कॉलवर नियम सांगितला: तोच रुग्ण, तेच हॉस्पिटल, तोच उपचार आठ दिवसांत पुन्हा आला, तर क्लेम दुहेरी समजून परत पाठवायचा. ऐकायला रास्त होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. द्वारकाने कार्ड लिहिलं आणि लिहिताना तिला कुठंतरी खुपलं. काहीतरी राहतंय. काय, ते आठवेना. डोक्यात सत्तर प्रश्नांची उत्तरं ठासून भरली होती, आणि त्यांच्या खाली ती जुनी क्लेमच्या टेबलावरची मुलगी काहीतरी ओरडून सांगत होती, तिचा आवाज वर येत नव्हता.

त्या दिवशी मंगळवार होता. घड्याळात चारला दहा कमी होते. तिने मोबाइल हातात घेतला आणि चैतालीचं नाव काढलं. मग शनिवार आठवला. शनिवारी परीक्षा होती. तिने मोबाइल ठेवला आणि कार्डाखाली प्रश्न लिहिला: "एकाच रुग्णाला खरोखरच वारंवार उपचार लागत असतील तर?" प्रश्न दिग्विजयच्या नावावर टाकला. पुस्तकात असतं तसं, अगदी बिनचूक. दिग्विजय त्या आठवड्यात बंगळुरूला होता. त्याने कार्डावर शेरा मारला, "पुढच्या चर्चेत घेऊ," आणि नियम दोन ओळींचा, विमा कंपनीला घाई, म्हणून काम दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, नागपूरला चालू झालं.

शनिवारी परीक्षा घरूनच होती, कॅमेऱ्यापुढे. कुठल्यातरी दूरच्या गावातला परीक्षक तिला लॅपटॉप गोल फिरवून खोली दाखवायला सांगत होता. टेबलाखाली दाखवा. कान दाखवा. भिंतीवर ते काय आहे? कॅलेंडर आहे, द्वारका म्हणाली. काढा. तिने दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर काढून पलंगावर ठेवलं. श्रीधर बाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसला होता. वरच्या मजल्यावरच्यांनी ड्रिलिंग सुरू करू नये म्हणून राखण. तीन तास तो तिथून हलला नाही.

परसदाराचा प्रश्न आलाच. शब्द बदलून आला होता, पण तोच. तिचा हात न थांबता डीवर गेला. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं. पास.

आनंद होईल असं तिला वाटलं होतं. झालं इतकंच, की तिला झोप आली. तिने दार उघडून श्रीधरला सांगितलं, त्याने दोन्ही हात वर करून "जिंकली!" म्हटलं, आणि ती कॅलेंडर बाजूला सारून त्याच पलंगावर संध्याकाळपर्यंत झोपली.

मंगळवारी दिग्विजयने केक मागवला. चार वाजता सगळे कॅन्टीनमध्ये जमले. प्रमाणपत्राची प्रत कुणीतरी रंगीत छापून आणली होती, तिच्यावर द्वारकाचं नाव इंग्रजीत मोठं झळकत होतं. तिचं नाव यादीत कायम झालं होतं, मेल आली होती. पोरं टाळ्या वाजवत होती. सुरी हातात घेतली आणि पर्समध्ये मोबाइल थरथरला. नागपूर. परीक्षा झाली होती, उपास सुटला होता. तिने फोन घेतला, कानाशी धरून एका हाताने केक कापला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"झाली का ताई परीक्षा?"

"झाली गं. पास झाले."

"बरं झालं बाई." चैताली खरंच खूश झाली होती. मग आवाज खाली आला. "मग आता विचारू ना? ताई, हे डायलिसिसवाल्यांचं काय करून ठेवलं तुम्ही?"

डायलिसिस. तो शब्द ऐकला मात्र, द्वारकाला तत्काळ सगळं दिसलं. आठवड्यातून तीनदा. तोच रुग्ण, तेच हॉस्पिटल, तोच उपचार.

"बुधवारपासून एक्केचाळीस क्लेम परत गेले," चैताली सांगत होती. "हिंगणघाटचे बापूराव म्हणून आहेत एक. तीनदा असतात मशीनवर. नियम बुधवारपासूनचा, म्हणून गुरुवारचा क्लेम झाला पास, शनिवारचा परत गेला. दुहेरी म्हणे. दवाखानेवाले म्हणाले, कंपनीनं नाही म्हटलं, मंजुरी येऊ द्या. शनिवारी दिवसभर बाहेर बाकावर बसवून ठेवलं त्यांना, मशीन लावलीच नाही. काल संध्याकाळी दम लागला, वर्ध्याला नेलं. आता बरे आहेत. पोरगी मला फोनवर म्हणे, मॅडम, माझ्या बापाला दुहेरी कसं काय म्हणता? काय सांगू मी तिला?"

"मला आधी का नाही फोन केलास?" द्वारकाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर ठाऊक होतं.

"तुमची परीक्षा होती ना ताई. म्हटलं, कशाला त्रास द्यावा. इथं साहेबाला सांगितलं तर म्हणे, सिस्टिम पुण्यावाल्यांनी विचार करूनच केली असेल." मग म्हणाली, "नवं काही चालू करायच्या आधी तुम्ही फोन करताच ना नेहमी. या वेळी तुमचा फोन आला नाही. मला वाटलं, त्यात माझं काही नसेल."

मागे कुणीतरी हाक मारत होतं, "मॅम, फोटो!" द्वारकाने हातातली केकची ताटली खिडकीत ठेवली. तिला इतकी लाज वाटली, की क्षणभर तिने फोन छातीशी दाबून धरला. मग पुन्हा कानाला लावला आणि म्हणाली, "थांब. वही घेते. पहिल्यापासून सांग."

त्या दिवशी टीम उशिरापर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती चालू झाली. एक्केचाळीसही क्लेम मार्गी लागले. शुक्रवारी चूक कुठं झाली हे बघायची बैठक झाली. दिग्विजयने कार्ड पडद्यावर टाकलं. द्वारकाचा प्रश्न तिथं तारखेसकट होता. "मॅमनी शंका काढली होती. मी प्रवासात होतो. पद्धत पाळली गेली, कुणा एकाची चूक नाही," असं म्हणून तो पुढच्या मुद्द्यावर जाणार होता. द्वारकाने तिथं गप्प बसावं यासाठी सगळं अनुकूल होतं. प्रमाणपत्र होतं, तारीख होती, पुस्तक तिच्या बाजूला होतं.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "कुणाला विचारायचं ते मला माहीत होतं. मी विचारलं नाही."

मग तिने मंगळवारच्या फोनचं सगळं सांगितलं. अकरा वर्षांचं. बारशाआधीच्या बाळाची ओळ चैतालीची होती, हेही सांगितलं.  दिग्विजयने सगळं टिपून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याही वर माणसं होती. संध्याकाळी मेल आली: यापुढे विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांशी कुणीही परस्पर संपर्क करू नये, आधी लेखी परवानगी घ्यावी. खरं बोलल्याचं फळ हे असं मिळालं.

घरी जाताना बसमधून तिने शुभंकरला फोन लावला. का लावला ते तिलाच कळलं नाही. कुणावर तरी रागवायचं असावं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, पुस्तकात फोन करू नका असं कुठं लिहिलंय?" तो म्हणाला. "सांगून करा, इतकंच आहे. तुम्ही सांगायचं सोडून करायचंच बंद केलंत." मग तो म्हणाला, "सवय मोडा असं मी म्हणालो होतो. ते जरा जपून म्हणायला हवं होतं." नारायण पेठेतल्या माणसाने एवढं म्हणणं म्हणजे त्याने कान पकडल्यासारखंच होतं. द्वारकाचा राग तिथंच विरला. राग गेला आणि नुसतं दमणं राहिलं.

सोमवारी तिने एक कार्ड लिहिलं. शिकवलेल्या साच्यात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता: "क्लेमच्या टेबलावरची कारकून म्हणून, मला दर मंगळवारी चार वाजता कुणीतरी 'काय अडलं?' असं विचारायला हवं आहे, म्हणजे आजारी माणसं बाकावर बसणार नाहीत." खाली विनंती करणारीच्या जागी लिहिलं, चैताली मेश्राम, नागपूर. अकरा वर्षांत ते नाव पहिल्यांदाच कार्डावर आलं. दिग्विजयने ते वाचलं, दोनदा वाचलं, "चांगलं आहे," म्हणाला, आणि कामांच्या यादीत घेतलं. चौसष्टावं. वरची त्रेसष्ट झाली की करू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. चारला पाच कमी असताना द्वारका लिफ्टने खाली आली. प्रमाणपत्राची रंगीत प्रत तिच्या जागेवर कुणीतरी टाचून ठेवली होती, ती तिथं तशीच होती. पार्किंगमध्ये एका खांबाशी, दुचाक्यांच्या मागे, ती वही उघडून उभी राहिली. खांबावर नोटीस होती: येथे विनाकारण थांबू नये. तिने फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोल चैताली. बापूरावांची मुलगी काय म्हणते?"

"तिनं विचारलं ताई, आता पुन्हा तर नाही ना होणार?"

 द्वारकाला यादीतलं आपलं नाव आठवलं, परस्पर संपर्क करू नये म्हणणारी शुक्रवारची मेलही आठवली. तिने पेन्सिल वहीवर टेकवली.

"तिला सांग, मी दर मंगळवारी विचारते आहे," ती म्हणाली. "हं, आता सांग. आज काय अडलंय?"